हा वास तुम्हालाही येतोय का?

मी सत्तरीला टेकलोय, मला स्किझोफ्रेनिया आहे आणि माझ्या डाव्या पायाला तीनच बोटं आहेत. सगळं एकदम सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे वाचताना कुणाला दचकायला नको. आजाराला आता जवळपास चाळीस वर्षं झाली. बोटं मात्र परवाच्या उन्हाळ्यात गेली, आणि ही हकिगत मुख्यतः त्या बोटांची आहे. माझ्यासारखे म्हातारे आणि त्यांच्या घरचे यांच्या उपयोगी पडेल असं वाटलं म्हणून लिहितो.

आजाराचं नाव कळलं तो दिवस

मी दुकानांचे बोर्ड रंगवायचो. जळगाव, धुळे, शिंदखेडा, जिथे काम मिळेल तिथे शिडी आणि डबे घेऊन जायचं. तिशीच्या आत-बाहेर असताना मला वाटू लागलं की बोर्डांवरची अक्षरं मला काहीतरी सांगतायत. त्यातली निम्मी मीच रंगवलेली होती, पण एवढं साधं तेव्हा लक्षात येत नव्हतं. मग आवाज सुरू झाले. मग वास. सोनगीरजवळच्या आमच्या गावच्या घरात मेलेल्या उंदराचा वास यायचा. उंदीर काही सापडेना, म्हणून मी मधल्या खोलीची जमीन खणून काढली. आई एका कोपऱ्यात उभी राहून रडत होती आणि मी तिला सांगत होतो, थांब, आता सापडेलच.

माझे मोठे भाऊ, नाना, तेव्हा शेतातून आले. त्यांनी शेजारच्या माणसांना आत बोलावलं आणि एकेकाला विचारलं, वास येतो का? कुणालाच येत नव्हता. नाना ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला धुळ्याला घेऊन गेले.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. नानांनी विचारलं, जाईल का हे? डॉक्टर म्हणाले, राहील, पण त्याच्यासकट नीट जगता येईल. परत येताना नानांनी बसस्टँडवर मला भजी खाऊ घातली आणि आमच्या अहिराणीत म्हणाले, "बीपीसारखंच शे म्हने हाई. गोळ्या खान्यात नि कामले लागनं." मग जरा वेळाने म्हणाले, "एक कर. जे ऐकू ई, दिखई, ते पहिले मले इचार. मंग जे करनं ते कर."

औषधांनी मला जेवढं सावरलं तेवढंच नानांच्या या वाक्यानेही सावरलं. मला शंका आली की मी विचारायचो. कोणी दार वाजवतंय का? हा माणूस माझ्याबद्दल बोलतोय का? नाना कान देऊन खरंच ऐकायचे आणि मग सांगायचे, "नही रे भाऊ, कोनी नही." कधी म्हणायचे, "हा, वाजी ऱ्हायनं, दूधवाला शे." ते कधी हसले नाहीत. मी जळगावला राहायला आल्यावर हेच काम फोनवर चालू राहिलं. ज्याला हा आजार नाही त्याला हे पटकन कळणार नाही, पण आम्हाला प्रत्येक गोष्टीसाठी दुसरं माणूस लागतं. एकट्याच्या नाकावर आणि कानावर आमचं भागत नाही.

पिंप्राळ्याची खोली

लग्न झालं नाही. पिंप्राळ्यात वरच्या मजल्यावर एक खोली घेतली. गोळ्यांनी हात थरथरायला लागला आणि त्याच सुमाराला फ्लेक्सची मशिनं आली, दोघांनी मिळून माझा धंदा बसवला. तरी खाऊन पिऊन बरा होतो.

तीन वर्षांपूर्वी नाना गेले. वहिनी त्यांच्या आधीच गेल्या होत्या. उरला नानांचा मुलगा योगेश, तो धुळ्याला असतो. चांगला मुलगा आहे. आठवड्याला फोन करायचा आणि विचारायचा, "आबा, गोळ्या घेतल्या ना?" डॉक्टरही तेच विचारायचे. घरमालक जिन्यात भेटला की तोही तेच विचारायचा. सगळ्या जगाने ठरवून मला एवढा एकच प्रश्न वाटून दिला होता. मी म्हणायचो, घेतल्या. घेतल्याच होत्या. बोलणं संपलं.

दिवसचे दिवस मी कुणाशी बोलत नसे. सकाळी दुकानात "अर्धा लिटर" म्हणायला गेलो की घसा खरखरायचा, वापरलाच नव्हता. आवाजांबद्दल खरं सांगायचं तर तेही माझ्याबरोबर म्हातारे झालेत. पूर्वीसारखे शिव्या देत नाहीत, कुरकुर करतात. एक बाई आहे, ती दुपारी भांडी घासल्यासारखी बोलत राहते. डॉक्टरांना सांगितलं नाही, पण कधी ती गप्प असली की मला करमत नसे. एकटेपणाला माणूस कशाकशाची सोबत मानून घेतो!

उन्हाळा

जळगावचा वैशाख ज्याने काढलाय त्याला वेगळं सांगायला नको. पाण्याच्या टाकीचा कॉक गच्चीवर आहे. मी दुपारी अनवाणीच वर गेलो, कॉक फिरवला, खाली आलो. गच्चीच्या फरशीवर पापड भाजला असता. माझे तळवे भाजले आणि मला काहीच कळलं नाही.

तहान खूप लागत होती, पण उन्हाळाच होता आणि गोळ्यांनी तोंड तसंही कोरडं पडतं. रात्री लघवीला उठावं लागायचं, पण ते वयाचं. थकवा यायचा, तो एकटेपणाचा असेल असं मी ठरवलं. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे एक कारण तयार होतं. पाय सुजल्यावर चप्पल लागू नये म्हणून मी जुना मोजा चढवला आणि तो दिवसरात्र पायातच ठेवला. खाली वाकून तळवा बघणं गुडघ्यांनी कधीच बंद केलं होतं.

आणि मग वास आला. मेलेल्या उंदराचा.

तो वास मी ओळखला. म्हटलं, आला. चाळीस वर्षांनी परत आला. त्या वासापायी मी एकदा राहतं घर खणलेलं, त्यामुळे या वेळी मी शहाणपण केलं. कोपरे हुंगले नाहीत, पलंग हलवला नाही. आजार उलटतोय, त्याकडे लक्ष द्यायचं नाही, गोळी घ्यायची, उदबत्ती लावायची. एका महिन्यात उदबत्तीचे पुडे संपवले.

विचारायचं तर कुणाला? योगेशला सांगितलं तर तो घाबरेल, मला दवाखान्यात भरती करतील, खोली जाईल, ही भीती होती. नाना असते तर एका वाक्यात निकाल लागला असता. मी एकदा सवयीने फोन हातात घेतला आणि नंबर लावायच्या आधी आठवलं. त्या दिवशी मी खूप रडलो.

रशीदभाई

खाली रशीदभाईंचं गाद्यांचं दुकान आहे. कापूस पिंजून गाद्या भरून देतात. माझी गादी भरून झाली तेव्हा ते स्वतःच ती घेऊन वर आले. दारात थांबले आणि नाकाला रुमाल लावला.

"आबा, इधर कुछ मर गया क्या? उंदीरबिंदीर?"

मी उठूनच उभा राहिलो. "तुम्हाला येतोय वास? खरंच येतोय?"

"मतलब? नाक बंद करूनपण येईल आबा. पूरे जिने में है."

मला एवढा आनंद झाला की मी त्यांचा हात धरला. वास खरा होता! मी वेडा होत नव्हतो! मी हसत होतो आणि रशीदभाई माझ्याकडे बघत होते, ते माझा आजार जाणतात, त्यांना वाटलं असणार की गडी गेला कामातून. मग त्यांची नजर मोज्याकडे गेली. "पाय दाखवा," म्हणाले. मोजा निघेना, त्यांनी दुकानातली कात्री आणून तो कापला. पुढचं मी लिहीत नाही. रशीदभाई म्हणाले, "या अल्ला," आणि रिक्षा बोलवायला खाली पळाले. माझं हसू मात्र रिक्षात बसेपर्यंत थांबलं नव्हतं. पाय सडला यात आनंद कसला, असं कुणीही म्हणेल. त्याने माझ्यासारखं एकदा महिनाभर एकट्याने वास घेऊन बघावा.

वॉर्ड

शुगर इतकी वाढली होती की डॉक्टरांनी मशीन बिघडलं समजून परत तपासली. मला मधुमेह आहे हे मला माहीतच नव्हतं. बरीच वर्षं असावा, त्यानेच पायांची जाणीव गेली होती, म्हणाले. काही मानसिक औषधांनी तो लवकर येतो, हेही तेव्हा कळलं.

तरुण डॉक्टर होता. माझ्या गोळ्यांची पाकिटं पाहिल्यावर तो माझ्याशी बोलायचा थांबला आणि रशीदभाईंना विचारायला लागला. "यांना दुखतंय का?" मी म्हटलं, मी इथेच आहे, मला विचारा. तो म्हणाला, "हो हो आजोबा," आणि परत रशीदभाईंना विचारलं, "हे नेहमी असंच बोलतात का?" राग आला, पण पाय त्याच्या हातात होता. दोन बोटं काढावी लागली.

वॉर्डात सकाळ लवकर होते. फरशी पुसणारे, चहावाला, मग रक्त घेणारे, मग ड्रेसिंग. पहिले दिवस वाईट गेले. अनोळखी जागेत माझे आवाज वाढतात. एका दुपारी मला कुणीतरी गाणं म्हणतंय असं ऐकू आलं. मी बराच वेळ दम धरला आणि शेवटी ड्रेसिंगच्या सिस्टरना हळूच विचारलं, "सिस्टर, कुणी गातंय का?"

त्यांनी कान दिला आणि म्हणाल्या, "हो ना, खिडकीजवळचे आजोबा. बेसूर आहे, पण गातायत." आणि पट्टी गुंडाळायला लागल्या. का विचारलं, असं त्यांनी विचारलं नाही. मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

याच सिस्टर रोज मोबाइलवर जखमेचा फोटो काढून मला दाखवायच्या. मी आयुष्यभर रंगात हात घातलेला माणूस. "कालचा मातकट गेला, आज लाल आलाय, पण कडेला पिवळा आहे," असं मी म्हणायचो आणि त्या म्हणायच्या, "बरोबर." स्वतःच्या शरीराबद्दल मी काही बोलावं आणि समोरच्याने बरोबर म्हणावं, हे फार वर्षांनी होत होतं.

मनीषा

योगेश आणि त्याची बायको मनीषा धुळ्याहून आले. योगेश माझ्यावर चिडला. सांगितलं का नाही म्हणून. नंतर बाहेर जाऊन रडला असावा, डोळे लाल होते. त्याचं म्हणणं, आता एकट्याने राहायचं नाही. धुळ्याचं घर दोन खोल्यांचं, दोन शिकणारी पोरं. त्याने वृद्धाश्रमांत चौकशी केली. मानसिक आजार आहे म्हटल्यावर फोन ठेवून द्यायचे. एकाने घेतो म्हटलं, पण पायाची जखम ऐकून नको म्हणाला. योगेश डोक्याला हात लावून बसला होता.

मनीषा आजवर माझ्याशी फार बोलली नव्हती. मी घरी गेलो की पोरांना आत घ्यायची. तिचं चूक नव्हतं, तिला कुणी काही समजावून सांगितलंच नव्हतं. ती पदर सावरत म्हणाली, "आबा, तुम्ही रोज सकाये मले व्हिडिओ कॉल करा. पाय दाखाडा. मी सांगसू कसा शे ते."

योगेश म्हणाला, "त्याने काय होणार?"

"कोनीतरी पाही तर ली," ती म्हणाली. म्हणजे कुणीतरी बघून तर घेईल.

तर असं ठरलं. रशीदभाईंनी त्यांचा जुना स्मार्टफोन मला दिला. मी रोज चहा झाला की फोन खुर्चीवर टेकवून पाय वर करायचो. पहिल्या दिवसांत ती फक्त पायाशी बोलायची. "आज सुकेल शे. आज तठे काळं दिखस, डॉक्टरले दाखाडा." पुढे एकदा तिनेच सांगितलं, "आबा, तुमनासंगे काय बोलनं हाई मले समजे नही. पायनं सोपं शे."

हळूहळू मी पायाबरोबर बाकीचंही विचारू लागलो. खाली कुणी भांडतंय ते तुला ऐकू येतंय का? ती फोन कानाला लावून म्हणायची, "हा, भांडी ऱ्हायनात," किंवा "नही आबा, काहीच नही." अगदी नानांसारखं नाही. ती मधेच पोरांवर ओरडायची. पण चालत होतं.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवीचे रोट असतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, तेच दळून पुरणपोळ्या होतात आणि ते घरातल्या माणसांनीच खायचे असतात. मनीषाचा फोन आला, "आबा, तुमनी मूठ धरेल शे. तुम्ही नही उनात तर ते कोन खाई?" मी गेलो. पोरं या वेळी बाहेरच खेळत होती. लहान्याने मला विचारलं, "आबा, तुमची बोटं कुठे ठेवली?" मी म्हटलं, दवाखान्यात विसरलो. तो दिवसभर माझ्या मागे फिरत होता.

माझे कान

आता जे सांगतो ते मला सगळ्यात अवघड गेलं.

नवरात्रापासून मला फोनवर मनीषाची धाप ऐकू येऊ लागली. ती पाण्याची भांडी घेऊन जिना चढताना बोलायची. आधी एखादं वाक्य तुटायचं, मग प्रत्येक वाक्य. दिवाळीच्या आसपास ती नुसती बसून बोलत असली तरी शब्दांच्या मधे श्वास घ्यायची.

पण ऐकणारे कान कुणाचे? माझे. माझ्या अंगातला सगळ्यात बदनाम अवयव. शंका आली की दुसऱ्याला विचारायचं हा माझा नियम, आणि माझं दुसरं माणूस तीच. मी तिलाच विचारलं.

"मनीषा, तुला धाप लागते का गं?"

"नही हो आबा. कोठे? तुमले वाटस तसं."

चाळीस वर्षांत असं उत्तर आलं की मी मान्य करत आलो. वाटतं तसं, नाही ना, मग सोडून दे. त्याच शिस्तीवर मी जगलो. मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी परत तेच ऐकलं. परत विचारलं, परत नाही म्हणाली, आणि ते "नही" म्हणतानाही मधे श्वास घेतला.

कान खोटे असतील तर मी तिच्या घरी जाऊन तमाशा करणार, योगेश म्हणणार आबांचं परत सुरू झालं, आणि सकाळचा फोन कायमचा बंद. तो बंद झाला तर माझं काय होतं ते मी बघितलं होतं. आणि कान खरे असतील तर? उन्हाळ्यात मी नाकाचं ऐकलं नाही, दोन बोटं गेली. ती माझी होती. हिला दोन पोरं आहेत.

मी पायात दवाखान्याने दिलेला बूट चढवला, रशीदभाईंना सांगितलं आणि धुळ्याची बस धरली. रस्ताभर ती भांडी घासणारी बाई बडबडत होती, कशाला चाललास, लाज काढशील. मी तिला पारोळ्यापर्यंत उत्तरं दिली, मग नाद सोडला.

मनीषाने दार उघडलं. "आबा! न सांगता? काय व्हयनं?"

"चल, डॉक्टरकडे जाऊ."

"पाय दुखस का?"

"माझ्यासाठी नाही. तुझ्यासाठी."

ती हसली, मग चिडली, म्हणाली स्वयंपाक पडलाय, पोरं यायची आहेत. तिचे ओठ पांढुरके दिसत होते. ते फोनवर दिसत नव्हतं. मी म्हटलं, "मनीषा, मला खोटं ऐकू येत असेल तर डॉक्टर सांगतील. मग मी परत तुला कधी काही विचारणार नाही. पण आज चल." ती खाली बसली आणि एकदम रडायला लागली. "कोनले सांगू आबा? ज्याले त्याले आपलं पडेल शे. म्हन्तं, व्हई बरं."

गल्लीच्या तोंडाशीच दवाखाना होता. तेवढं अंतर चालताना ती दोनदा थांबली आणि मी माझ्या अर्ध्या पायाने तिच्यासाठी थांबलो. डॉक्टरबाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली. नाडी बघत विचारलं, "किती दिवसांपासून त्रास आहे?"

"दोन-चार दिन व्हयनात," मनीषा म्हणाली.

मी बाजूच्या स्टुलावर बसलो होतो. डॉक्टरबाईंना माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं, पण मनीषाला होतं. मी म्हटलं, "नाही डॉक्टर. नवरात्रापासून आहे. आधी जिन्यावर धाप लागायची, आता बसल्या बसल्या लागते. मी रोज ऐकतो."

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "खरं आहे का हे?"

मनीषाने पदराने तोंड पुसलं आणि मान हलवली. "हो. आबा म्हनतस ते खरं शे."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मग तुम्हीच सांगा आजोबा, सुरुवातीपासून." आणि पेन उघडलं.